अकोल्याला आलेला मुलगा

नांदगाव पेठेत आमच्या घराच्या ओसरीवर रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास नववीतली एक मुलगी इंग्रजीचे पुस्तक आणि वही घेऊन येते. तिचे वडील गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्यात पाळीवर जातात. सातवीपर्यंत ती मराठी शाळेत होती आणि पहिल्या तिघांत होती. आठवीपासून सेमी-इंग्रजी झाले, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आले, आणि पोरगी जी मागे पडली ती पडलीच. नववीच्या पहिल्या सहामाहीचा निकाल घेऊन वडील माझ्याकडे आले ते सल्ला विचारायला नव्हे, निर्णय सांगायला. यंदाचे वर्ष झाले की शाळा बंद. पोट्टीच्या डोक्यात इंग्रजी जात नाही, तर उगाच वह्या-पुस्तकांचा खर्च कशाला, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, परीक्षेपर्यंत मला द्या. बँकेतून निवृत्त झालेल्या आणि अधूनमधून कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाकडे संध्याकाळचा वेळ असतोच.

पहिल्या दिवशी मी तिला धड्याखालचा एक प्रश्न विचारला. तिने डोळे मिटले आणि पाच ओळींचे इंग्रजी उत्तर एका दमात, एकही शब्द न चुकता म्हणून दाखवले. मी विचारले, याचा अर्थ काय? ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

त्या रात्री मला गोपाळ गणेश आगरकर आठवले. आगरकर म्हटले की आपल्याला आठवतो तो सुधारक, विधवांच्या केशवपनावर तुटून पडणारा, टिळकांशी भांडलेला, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेला. मला मात्र त्या रात्री आठवला तो अकोल्याच्या इंग्रजी शाळेतला विद्यार्थी. आमच्या वऱ्हाडातल्या फार थोड्या लोकांच्या ध्यानात असते, की हा माणूस मॅट्रिक झाला तो आपल्या अकोल्यातून.

आगरकरांचा जन्म 14 जुलै 1856 रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावचा. घर गरिबीचे. शिक्षणासाठी मुलगा कऱ्हाडला आईकडच्या नातेवाइकांकडे राहिला. त्या काळच्या शिक्षणाची रचना ठाऊक असल्याशिवाय या मुलाची ओढाताण नीट समजत नाही. आधी मराठी शाळा. ती संपली की इंग्रजी शाळेत पुन्हा पहिलीपासून सुरुवात. इंग्रजी पहिली, दुसरी, तिसरी असे करत सातवीपर्यंत जायचे आणि मग मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक. खालच्या इयत्तांत इंग्रजी हा शिकायचा विषय असे. वरच्या इयत्तांत गेल्यावर इतिहास, गणित सगळेच इंग्रजीतून. म्हणजे आज आपण ज्याला सेमी-इंग्रजी म्हणतो त्या उंबरठ्यावर मुले तेव्हाही अडखळत होती. लहान गावात इंग्रजी दोन-तीन इयत्तांपुरतेच मिळे. पुढे शिकायचे तर जिल्ह्याच्या गावी जायचे, तिथे कुणाच्या तरी घरी जेवायचे, कुणाच्या तरी ओसरीवर झोपायचे.

कऱ्हाडचे शिक्षण संपल्यावर या मुलाने कचेरीत कारकुनी केली. दवाखान्यात औषधे देण्याचेही काम काही काळ केले. मग रत्नागिरीला गेला. पायी गेला असे सांगतात. तिथे सोय लागली नाही आणि परत यावे लागले. गंमत अशी, की याच रत्नागिरीत त्याच्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, 23 जुलै 1856 रोजी, बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झालेला. हा मुलगा तिथे दारोदार फिरत होता तेव्हा टिळकांचे बिऱ्हाड केव्हाच पुण्याला गेले होते.

मग अकोला. तिथे आईकडचे नातेवाईक होते, एवढाच काय तो आधार. कुठे सातारा जिल्हा आणि कुठे वऱ्हाड! वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतेच. निजामाकडून 1853 साली इंग्रजांनी कारभारासाठी घेतलेला तो मुलूख. पण आगगाडी आलेली होती. कापसासाठी म्हणून टाकलेली ती भुसावळ-नागपूर लाइन 1867 साली नागपूरला पोचली आणि अकोला, बडनेरा ही गावे एकदम मुंबईच्या वाटेवर आली. कापसामागून कचेऱ्या आल्या, वकील आले, छापखाने आले, आणि इंग्रजी शाळा आल्या.

अकोल्याच्या शाळेचे हेडमास्तर होते विष्णु मोरेश्वर महाजनी. हे नाव आज विसरल्यात जमा आहे, आणि म्हणून इथे जरा थांबतो. महाजनींचा जन्म 1851 चा, म्हणजे ते या विद्यार्थ्यापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठे. एम.ए. झालेला माणूस तेव्हा जिल्ह्यात बोट दाखवून दाखवावा इतका दुर्मिळ. पुढे ते वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात वरच्या पदापर्यंत चढले. शेक्सपिअरची नाटके त्यांनी मराठीत आणली. ‘सिंबेलीन’वरून केलेले त्यांचे ‘तारा’ हे नाटक 1879 सालचे. इंग्रजी शिकवणारा मास्तर स्वतः रात्री दिव्याखाली बसून इंग्रजी नाटक मराठीत कसे बोलेल याची जुळणी करतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अशा माणसाच्या वर्गात इंग्रजी हे पाठ करून ओकण्याचे औषध राहत नाही. या भाषेतले त्या भाषेत नेता येते, आणि नेताना काही सांडते तर काही नवे हाती लागते, हे मुलांना न सांगता कळते.

गुरुशिष्यांची एक गोष्ट वऱ्हाडात जुनी माणसे सांगत. एकदा काही कारणाने महाजनी या मुलावर चिडले आणि तुझ्या हातून काही होणार नाही असे बोलून गेले. मुलगा उलटून म्हणाला, की तुमच्यासारखा एम.ए. होऊन दाखवीन तरच नावाचा आगरकर. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, पुढे ती खरी झाली एवढे नक्की. आणि चिडलेल्या याच हेडमास्तरांनी त्याला पुढच्या शिक्षणासाठी मदतही केली. चिडणारा आणि मदत करणारा मास्तर एकच असतो हे ज्यांना चांगला मास्तर लाभला त्यांना वेगळे सांगायला नको.

अकोल्यातच त्याच्या हाती लेखणी आली. ‘वऱ्हाड समाचार’ नावाचे वर्तमानपत्र तिथून निघे. त्यात हा शाळकरी मुलगा मजकूर लिहू लागला. दिवसा शाळेत इंग्रजी वाचायचे आणि संध्याकाळी वऱ्हाडातल्या वाचकांसाठी मराठी लिहायचे. 1875 साली तो मॅट्रिक झाला. वय एकोणीस. सुखवस्तू घरची मुले याहून कितीतरी लहान वयात ती परीक्षा देत. आगरकरांची वर्षे कचेरीत, दवाखान्यात आणि रस्त्यावर गेली होती. एखादे मूल मागे पडले की आपण लगेच त्याच्या बुद्धीकडे बोट दाखवतो, म्हणून हे वय मुद्दाम सांगितले.

आता थोडे स्वतःविषयी सांगायची मुभा घेतो. माझे शिक्षण इथलेच. इंग्रजीची ए-बी-सी-डी पाचवीत. घरात वऱ्हाडी, पुस्तकात पुण्याची मराठी आणि वर ही तिसरी. घरी मले, तुले, कायले; वर्गात मला, तुला, कशाला; आणि इंग्रजीत तर ‘ला’च नाही! तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून आम्ही कशीबशी नदी ओलांडली. पुढे बँकेत लागलो. बँकेचे नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. यवतमाळकडच्या एका शाखेत असताना एका कोरडवाहू शेतकऱ्याचे विहिरीसाठी कर्जाचे प्रकरण मी वर पाठवले. माणूस दिवसरात्र राबणारा. तशी शिफारस इंग्रजीत लिहायची होती. ‘स्लो’चे ‘स्लोली’ होते, ‘क्विक’चे ‘क्विकली’ होते, तेव्हा ‘हार्ड’चे ‘हार्डली’ होणारच, असा हिशेब करून मी लिहिले, की ही वर्क्स हार्डली. म्हणजे हा माणूस काम करतो न करतो! वरून शेरा आला, की शाखाधिकारीच ज्याला आळशी म्हणतो त्याला कर्ज कशासाठी द्यायचे. पत्रापत्रीत दोन महिने गेले, पाऊस लागला आणि त्या वर्षी विहीर झाली नाही. मला कुणी रागावले नाही. त्या शेतकऱ्याला तर कारणच कळले नाही. साहेब लोकांचे असेच असते म्हणून तो गप्प बसला. मी मात्र पुढे पंधरा-वीस वर्षे इंग्रजी वाक्य सही करण्याआधी तीनदा वाचत असे.

तर आगरकर मॅट्रिक होऊन पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले. तिथल्या त्यांच्या गरिबीची हकीकत शाळेच्या पुस्तकातून आपल्या घरोघरी पोचली आहे. अंगात घालायला एकच सदरा. रात्री धुवायचा, वाळत टाकायचा, सकाळी तोच. वक्तृत्वाची, निबंधाची बक्षिसे मिळवायची आणि फी भरायची. 1878 साली बी.ए. आणि 1880 साली एम.ए. मिल आणि स्पेन्सर हे त्यांचे आवडते ग्रंथकार झाले. इंग्रजी आता त्यांना परकी राहिली नव्हती. एम.ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरी हात जोडून उभी असे, आणि टेंभूच्या त्या घराने तेवढ्याच आशेवर इतकी वर्षे काढली होती.

तेव्हा त्यांनी आईला पत्र लिहिले. मोठमोठ्या परीक्षा देणाऱ्या मुलाला आता गलेलठ्ठ पगाराची नोकरी लागेल आणि आपले पांग फिटतील असे मनोरथ करू नकोस, पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून मी सगळा वेळ लोकांच्या कामी घालवणार आहे, असा त्या पत्राचा आशय. हे पत्र आपण आजवर आगरकरांच्या बाजूने वाचत आलो. वय वाढले तसे मी ते सरस्वतीबाईंच्या बाजूने वाचू लागलो आहे. उपाशीपोटी शिकायला पाठवलेला मुलगा शिकून मोठा होतो आणि लिहितो, की पैशाची वाट पाहू नकोस. त्या माउलीने ते पत्र कुणाकडून तरी वाचून घेतले असेल का, आणि मग दिवसभर काय केले असेल, हे कुणीच लिहून ठेवलेले नाही.

डेक्कन कॉलेजच्या दिवसांतच टिळकांशी मैत्र जुळले. दोघांच्या रात्र-रात्र चालणाऱ्या गप्पांतून शाळा काढायचे ठरले. तिकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी रत्नागिरीच्या सरकारी शाळेतली नोकरी 1879 साली सोडली. (पुन्हा रत्नागिरीच!) 2 जानेवारी 1880 रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. चिपळूणकर, टिळक, माधवराव नामजोशी आणि लवकरच वामन शिवराम आपटे. आगरकर एम.ए.ची परीक्षा देऊन 1881 च्या आरंभी आले.

शाळेच्या नावाकडे जरा लक्ष द्या. मराठी भाषेचा ज्याला एवढा अभिमान त्या चिपळूणकरांनी काढलेली शाळा, आणि नाव न्यू इंग्लिश स्कूल! यात विसंगती काढणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ती दिसत नाही. या मंडळींना इंग्रजी शाळा हवी होती, पण ती स्वस्त हवी होती, आपल्या माणसांनी चालवलेली हवी होती आणि इंग्रजी येऊनही मुलगा आपल्या माणसांत राहील अशी हवी होती. शिकवणारे स्वतः एकेक करून त्या पुलावरून चालत आलेले. आपट्यांचेच पाहा. संस्कृत वाक्यरचनेवरचे त्यांचे विद्यार्थ्यांसाठीचे पुस्तक 1881 चे, इंग्रजी-संस्कृत कोश 1884 चा आणि तो प्रसिद्ध संस्कृत-इंग्रजी कोश 1890 चा. वर्गात मुलगा कुठे अडतो हे पाहून घरी जाऊन पुस्तक लिहिणारे हे मास्तर होते. पहिल्या दोन वर्षांतच शाळेचा लौकिक एवढा वाढला, की सरकारने नेमलेल्या 1882 च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी ती पाहून वाखाणली.

1881 च्या जानेवारीतच याच मंडळींनी दोन वर्तमानपत्रे काढली. इंग्रजीत ‘मराठा’ आणि मराठीत ‘केसरी’. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. इंग्रजीत शिकलेला माणूस मराठीत लिहायला बसला. पुढचे सर्वांना माहीत आहे. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर लिहिल्याबद्दल खटला झाला आणि 1882 साली टिळक-आगरकर 101 दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात गेले. त्यावर आगरकरांनी लिहिलेले ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशेएक दिवस’ हे पुस्तक आजही हसवते. एका कोठडीत दोन एम.ए.-बी.ए. वाद घालताहेत आणि पहारेकरी वैतागले आहेत! पण त्याच दिवसांत आणखी एक काम झाले. आगरकरांनी शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. ‘विकारविलसित’ या नावाने ते 1883 साली छापून आले.

अकोल्याच्या हेडमास्तरांच्या एका शेक्सपिअरी नाटकाचे नाव ‘मोहविलसित’ आणि त्यांच्या विद्यार्थ्याच्या नाटकाचे ‘विकारविलसित’. नावांची ही जुळणी योगायोगाची असेल तर असो. मला मात्र त्यात अकोल्याचा वर्ग दिसतो. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशांनी हा मराठी हॅम्लेट, म्हणजे चंद्रसेन, रंगभूमीवर असा उभा केला, की इंग्रजीचा एक शब्द न जाणणारी माणसे बैलगाड्या जुंपून नाटकाला येत. परकी भाषा शिकलेल्या एका मुलाने ती न शिकलेल्या हजारोंसाठी काय आणावे, याचा हा हिशेब.

ओसरीवरच्या मुलीसाठी मला जे लागत होते ते मात्र नाटकात नव्हते. ते आगरकरांच्या एका दुर्लक्षित पुस्तकात होते. ‘वाक्यमीमांसा आणि वाक्याचें पृथक्करण’. साल 1888. आगरकरांचे निबंध वाचणारे पुष्कळ. या पुस्तकाचे नाव घेणारे थोडे, कारण व्याकरण म्हटले की माणसे पान उलटतात. मराठी व्याकरण तोवर शब्दापासून सुरू होई. नाम, सर्वनाम, विशेषण, मग विभक्ती, मग चालवणे. वाक्य सर्वांत शेवटी, जमले तर. आगरकरांनी इंग्रजी व्याकरणातली वाक्याची फोड करण्याची रीत घेतली आणि ती मराठी वाक्याला लावून दाखवली. आधी वाक्य. कुणाविषयी बोलतो आहोत ते उद्देश्य आणि त्याविषयी काय सांगतो आहोत ते विधेय. मग उद्देश्याला काय चिकटले आहे, विधेयाला काय चिकटले आहे, मोठ्या वाक्याच्या पोटात लहान वाक्य कुठे लपले आहे. आपण शाळेत कंटाळून केलेले ते वाक्यपृथक्करण! त्याच्या मुळाशी हा माणूस आहे हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हते.

आता हे मुलीला कसे उपयोगी पडावे? मी तिला म्हटले, पुस्तक मीट. आज शाळेत काय झाले ते तुझ्या घरच्या बोलीत सांग. ती लाजली, मग सांगू लागली. त्यातले एक वाक्य घेतले: मले ताप आला. कुणाविषयी बोलते आहेस? ती म्हणाली, माझ्याविषयी. मग वाक्यात येतो कोण? तिने विचार केला आणि तोंडावर हात ठेवला. येतो तो ताप! मराठीत ताप येतो, भूक लागते, राग येतो, झोप येते. माणूस बापडा ‘मला’ होऊन बाजूला बसलेला. इंग्रजीत तसे नाही. तिथे माणूस पुढे येऊन बसतो आणि तापाला धरून ठेवतो: आय हॅव अ फीव्हर. हे एकदा दिसले, की ‘टू मी फीव्हर केम’ असे ती का लिहीत होती ते तिचे तिलाच कळले. ती ढ नव्हती. ती मराठीत अगदी बरोबर होती, फक्त इंग्रजी अक्षरांत.

दुसरे वाक्य: पोराने आंबा खाल्ला, पोराने चिंच खाल्ली. क्रियापद कुणाच्या मागे गेले? आंब्याच्या आणि चिंचेच्या. पोरगा तोच, तरी क्रियापद बदलले. इंग्रजीत खाणे काही केल्या आंब्याच्या मागे जात नाही. क्रियापद आमच्याकडे वाक्याच्या शेवटी, त्यांच्याकडे मधोमध. टेबलावर मधला ‘वर’ आमच्याकडे शब्दाच्या पाठीला, त्यांच्याकडे शब्दाच्या पुढे. आणि ‘अ’ नि ‘द’ ही दोन पिल्ले तर आमच्याकडे नाहीतच, तेव्हा ती विसरली जाणारच. त्यांच्यासाठी रागावून उपयोग नाही, रोज थोडी सवय पाहिजे.

एका ठिकाणी मात्र वऱ्हाडीने पुण्याच्या मराठीवर मात केली. पुस्तकातली मराठी म्हणते, मी जातो. त्यात रोज जातो आणि आत्ता निघालो हे दोन्ही बसते. आमची वऱ्हाडी म्हणते, मी जाऊन रायलो. म्हणजे क्रिया आत्ता, डोळ्यांदेखत चालू आहे. इंग्रजीतला ‘आय ॲम गोइंग’ नेमका हाच. तो चालू वर्तमानकाळ शाळेत तिला महिनाभर कळला नव्हता. रायलो आले की आयएनजी लाव, एवढे सांगितले आणि पाच मिनिटांत दहा वाक्ये बरोबर आली. ज्या बोलीची वर्गात तिला लाज वाटायची तीच इथे उपयोगी पडली. हे काही मी फार मोठे शोधून काढले असे नाही. वर्गात साठ मुले असलेल्या शिक्षकाला एकेकाची बोली ऐकत बसायला सवड नसते, मला आहे.

आगरकरांचे पुढचे आयुष्य भराभर सांगण्यासारखे आहे, कारण ते स्वतःच भराभर संपले. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. मग टिळकांशी मतभेद. आधी समाजसुधारणा की आधी स्वराज्य, हा वाद पुस्तकांतून आपण वाचतो. पण तो रोज एका छपराखाली काम करणाऱ्या दोन मित्रांचा वाद होता आणि त्यात पगाराच्या, वेळेच्या, मानापमानाच्या गोष्टीही होत्या. 1887 साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. 1890 साली टिळकांनी सोसायटी सोडली. मधल्या काळात, 1888 च्या ऑक्टोबरात, ‘सुधारक’ निघाला. हे पत्र दोन भाषांचे होते. मराठी बाजू आगरकरांची. इंग्रजी बाजू सांभाळायला त्यांनी घेतला न्यू इंग्लिश स्कूलमधला एक बावीस वर्षांचा शिक्षक, गोपाळ कृष्ण गोखले. एकाच अंकात दोन भाषा शेजारी शेजारी नांदत. आगरकरांना इंग्रजीत लिहिता येत नव्हते म्हणून त्यांनी मराठी घेतली असे नव्हे. ज्यांच्याशी त्यांना भांडायचे होते ती माणसे मराठीत राहत होती.

भांडणही साधे नव्हते. बालविवाह, विधवांचे केशवपन, संमतिवयाचा कायदा. मुलींना मुलांसारखेच, मुलांबरोबर आणि स्वतःच्या पायावर उभे राहता येईल असे शिक्षण द्या, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकात लिहिले. त्यापायी पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या दारावरून नेली. घरात यशोदाबाई होत्या, मुले होती. आगरकर त्यामुळे मागे हटले नाहीत हे आपण अभिमानाने सांगतो. यशोदाबाईंना काय वाटले हे विचारायचे राहून जाते. स्वतः देवधर्म मानणाऱ्या त्या बाईंनी नवऱ्याच्या मतांची झळ सोसली आणि नवऱ्यानेही आपली मते त्यांच्यावर लादली नाहीत, हे मला प्रेतयात्रेहून अधिक लक्षात राहण्यासारखे वाटते.

1892 च्या ऑगस्टात आपटे गेले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. अकोल्याच्या शाळेत उशिरा मॅट्रिक झालेला मुलगा आता कॉलेजचा प्रमुख होता. पण दम्याने ते पार पोखरले गेले होते. शिकवायचे, ‘सुधारक’ लिहायचा, रात्री बसून धाप काढायची. 17 जून 1895 रोजी ते गेले. एकोणचाळीस पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. उशाशी एका पुरचुंडीत थोडे पैसे निघाले, आपल्या दहनाच्या खर्चासाठी बाजूला काढलेले, असे सांगतात. इतकी वर्षे ज्यांच्याशी वाकडे होते त्या टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला.

अकोल्याचे महाजनी मागे राहिले. 1907 साली पुण्यात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्याला जाऊन बारा वर्षे झाली होती. ते स्वतः गेले 1923 साली. अकोल्याला माझी बदली होती तेव्हा मी एक-दोघा सहकाऱ्यांना महाजनींविषयी विचारले होते. एकाला वाटले, मी कुणा खातेदाराची चौकशी करतो आहे.

आमच्या ओसरीवरची मुलगी अजून येते. गेल्या आठवड्यात तिने विज्ञानाच्या पुस्तकातले एक लांबलचक वाक्य वहीत उतरवून आणले होते. प्रकाश, आरसा आणि मध्येच ‘व्हिच’ने लटकलेले एक पोटवाक्य. तिने उद्देश्याखाली निळी रेघ मारली होती, विधेयाखाली लाल, आणि ‘व्हिच’पासूनच्या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढला होता. गोल एक शब्द पुढे गेला होता. तो तिनेच मागे घेतला. तेवढ्यात तिचे वडील पाळीवरून परतताना फाटकाशी सायकल धरून उभे राहिले. वार्षिक परीक्षा कोणत्या तारखेला आहे ते त्यांनी विचारले आणि दहावीची पुस्तके जुनी कुठे मिळतील तेही.